हा नियम कुणाचा?

आमच्या ऑफिसच्या दारावर ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी एक निळी पाटी होती. नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, एका मेडिकलच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. पाटी होती म्हणून सगळे इमानाने बूट बाहेर काढायचे आणि डिसेंबरच्या थंडीत गार फरशीवर मोजे घालून फिरायचे. पगार मॅडम कामावर रुजू झाल्या त्या दिवशी त्या पाटीसमोर थांबल्या आणि आत न येता दारातूनच विचारलं, “हा नियम कुणाचा?”

मी तेव्हा कंपनीत नव्हतो. पण हा किस्सा मला पहिल्याच आठवड्यात तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितला. पाटी कुणी लावली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचे मालक भामरे साहेब, त्यांना वाटायचं अकाउंटच्या बाईंनी लावली. अकाउंटच्या बाईंना वाटायचं साहेबांनी. शेवटी खालच्या मेडिकलवाल्याने उलगडा केला की आमच्या आधी तिथे दातांचा दवाखाना होता, ती पाटी त्या डॉक्टरांची. सगळे हसले, आणि कुणीतरी स्क्रू काढायला खुर्चीवर चढला. मॅडमनी त्याला थांबवलं. त्यांनी झाडलोट करणाऱ्या मंगलताईंना विचारलं, तुम्हाला पाटी हवी की नको? मंगलताई म्हणाल्या, हवी, फरशी पुसायला बरं पडतं. “मग ठीक,” मॅडम म्हणाल्या, “आजपासून हा नियम मंगलताईंचा.” आणि सुती साडीखाली घातलेले आपले पांढरे स्पोर्ट शूज काढून त्या आत आल्या.

मीनाक्षी पगार. मूळच्या कळवणच्या. त्या भागात पगार हे आडनाव घरोघरी सापडतं, पण आमच्या ऑफिसात त्यावर रोज एक तरी विनोद व्हायचा. त्या जिना चढून आल्या की कुणीतरी ‘पगार झाला’ म्हणायचं, सुटीवर असल्या की ‘या महिन्यात पगार नाही’. त्या प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, केस मागे घट्ट बांधलेले. डब्यासोबत भाजलेल्या शेंगा आणायच्या आणि खिडकीपाशी उभं राहून खायच्या. माणसांशी त्या शुद्ध, सावकाश मराठी बोलायच्या. अहिराणी मात्र दोघांसाठीच राखून ठेवलेली. एक, फोनवर आपल्या आईसाठी. आणि दुसरं, कॉम्प्युटरसाठी. प्रोग्रॅम बंद पडला की त्या स्क्रीनकडे वाकून, आजारी वासराला विचारावं तसं हळूच विचारायच्या, “तुले काय व्हयनं रे?” रागावलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नाही.

मी लागलो तेव्हा कंपनीकडे एका आरोग्य संस्थेचं काम होतं. सुरगाणा, पेठ, हरसूल या पट्ट्यातल्या गावांत संस्थेच्या नर्सेस फिरायच्या. बाळंतपण झालं की आईचं वय, बाळाचं वजन, ताप, श्वास अशी माहिती त्या टॅब्लेटवर भरायच्या. रोज सकाळी नाशिकच्या कार्यालयात डॉ. गावित ती माहिती बघायचे आणि कुठल्या बाळाला ताबडतोब शहरात हलवायचं ते ठरवायचे. घाईत माणूस चुकतो. तीन किलोऐवजी तीस लिहिलं जातं. म्हणून आलेली माहिती तपासायला आम्ही एक व्हॅलिडेशन लायब्ररी वापरत होतो. लायब्ररी म्हणजे तयार कोड. आपण फक्त नियम लिहून द्यायचे: वय इतक्या ते इतक्यात हवं, मोबाईल नंबर अपुरा नको. ती प्रत्येक नोंद त्या नियमांवर घासून बघते आणि ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ सांगते. नियम वेगळ्या फाइलमध्ये असतात. ते कुठून वाचायचे, कोणत्या क्रमाने वाचायचे, आणि सापडलेच नाहीत तर काय करायचं, एवढं तिला आधी सांगून ठेवावं लागतं. हे सांगून ठेवण्याचं काम मॅडमनी मला दिलं.

मला ते अगदी किरकोळ वाटलं. फाइलचा पत्ता लिहिला, दोन-चार नोंदी तपासून पाहिल्या, सगळं ‘बरोबर’ आलं. मी मॅडमना बोलावलं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि बाळाच्या वजनाच्या जागी चाळीस किलो लिहिलं. उत्तर आलं, बरोबर. आईचं वय दोन वर्षं लिहिलं. बरोबर. मी फाइलचा पत्ता पुन्हा वाचून पाहिला. पत्त्यात एक अक्षर चुकलं होतं. लायब्ररी रिकाम्या फोल्डरमध्ये नियम शोधत होती आणि एकही नियम न मिळाल्यामुळे सगळं मान्य करत होती.

“चोर कोण हे तिला कुणी सांगितलंच नाही,” मॅडम म्हणाल्या, “म्हणून येईल तो पाहुणा.”

माझ्या चुकीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. नियम सापडले नाहीत तर लायब्ररी गप्प बसते, याचीच त्यांना धास्ती वाटली. त्यांनी ते सेटिंग बदललं. यापुढे नियमांची फाइल मिळाली नाही तर प्रोग्रॅम सुरूच होणार नव्हता. मग त्यांनी मला फाइलमधला एकेक नियम मराठीत मोठ्याने वाचायला लावला. प्रत्येक नियमाशेजारी एक नाव लिहिलेलं होतं. तो नियम कुणाच्या सांगण्यावरून आला त्याचं नाव. काही ठिकाणी डॉ. गावित, काही ठिकाणी संस्थेच्या मुख्य नर्स, आणि बऱ्याच ठिकाणी मीनाक्षी पगार.

त्या बदललेल्या सेटिंगने पुढे एकदा आमची चांगलीच फजिती केली. संस्थेचे विश्वस्त नवीन सर्व्हरवरचं काम बघायला आले होते. भामरे साहेबांनी पेढे मागवले होते, पडद्यावर प्रोजेक्टर लावला होता. बटण दाबलं आणि पडद्यावर एकच ओळ उमटली, की नियम सापडले नाहीत, त्यामुळे काम सुरू करता येत नाही. नवीन सर्व्हरवर फाइल टाकायची राहून गेली होती. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मॅडमच्या कानाशी वाकून सांगितलं की आजच्यापुरतं तरी ते बंद करा, नियमांशिवाय चालू द्या, पाहुण्यांना काय कळणार आहे.

मॅडमनी बंद केलं नाही. त्या उठून पडद्यापाशी गेल्या आणि सांगितलं की फाइल आणून टाकायला थोडा वेळ लागेल, तोवर सगळ्यांनी चहा घ्यावा. डॉ. गावित पाहुण्यांत बसले होते. नियमांच्या फाइलचा हट्ट धरलाच नसता तर काय झालं असतं, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, “काहीच झालं नसतं, डॉक्टर. सगळं छान चाललं असतं. फक्त उद्यापासून तुमच्यासमोर आलेल्या एकाही आकड्यावर तुम्हाला विश्वास ठेवता आला नसता, आणि तुम्हाला ते कळलंही नसतं.”

त्या दिवसापासून काही अडलं की डॉक्टर भामरे साहेबांना नाही, मॅडमना फोन करायचे.

इतक्या पक्क्या बाईच्या हातून चूक व्हावी, आणि तीही अशी, हे मला पुढे कितीतरी दिवस पटलं नाही.

मॅडमची एक सवय होती. आठवड्यातून एकदा त्या सगळ्या बाळांच्या वजनांचा आलेख काढून नुसत्या बघत बसायच्या. आलेख टेकडीसारखा असायचा. मध्ये उंच, दोन्ही बाजूंना उतरत गेलेला. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. सुरगाण्याच्या बाजूचा आलेख समोर होता. टेकडीचा उजवा उतार नीट होता. डावीकडे मात्र, लहान बाळांच्या टोकाला, उतार असा नव्हताच. दीड किलोच्या आकड्यावर एक खांब ताठ उभा होता आणि त्याच्या पलीकडे काहीच नव्हतं.

मी म्हणालो, योगायोग असेल.

त्यांनी त्या खांबावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “इतकी बाळं नेमकी दीड किलोची जन्मत नसतात. कुणाला तरी दीड लिहावं लागतंय.”

त्यांनी नियमांची फाइल उघडली. जन्माचं वजन दीड किलोहून कमी असेल तर नोंद स्वीकारू नये, असा नियम तिथे होता. सुरुवातीच्या दिवसांत नर्सेसच्या हातून दशांशचिन्ह इकडेतिकडे व्हायचं, तीन किलोचं बाळ ‘शून्य पॉइंट तीन’ होऊन यायचं, त्यावर तो उपाय होता. दीडच्या खालचं बाळ क्वचितच, आणि ते तर थेट मोठ्या दवाखान्यातच जन्मेल, असं तेव्हा गृहीत धरलेलं. शेजारी नाव होतं, मीनाक्षी पगार.

भामरे साहेब म्हणाले, फोन करून विचारून घ्या. मॅडम म्हणाल्या, फोनवर त्या मला ‘काही अडचण नाही मॅडम’ असंच म्हणतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरगाण्याची एसटी पकडली. टॅब्लेट बघायला कुणीतरी हवं म्हणून मलाही बरोबर घेतलं. दिंडोरी, वणी मागे पडली, घाट लागला, तरी त्या खिडकीबाहेर बघत होत्या, शेंगांचा डबा न उघडता. सुरगाण्याहून पुढे जीपने गेलो. ते आरोग्य उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओटा. भातखाचरं नुकतीच कापलेली होती.

तिथल्या नर्स भोये सिस्टर. उंच, करड्या आवाजाच्या. आम्ही कोण ते कळल्यावर त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि स्वतः उभ्याच राहिल्या. मॅडमनी दीड किलोचं विचारलं. अपेक्षेप्रमाणे सिस्टर म्हणाल्या, काही अडचण नाही. मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, “सिस्टर, तो नियम मी लिहिलाय. चुकला असेल तर मला कळायला पाहिजे.”

तेव्हा कुठे सिस्टर खाली बसल्या. मग त्यांनी हिराची गोष्ट सांगितली.

हिरा वरच्या पाड्यावरची. ऊसतोडीहून परत येताना, दिवस भरायच्या कितीतरी आधी ती बाळंत झाली. मुलगी झाली, तळहातावर मावेल एवढी. उपकेंद्रात आणल्यावर सिस्टरनी काट्यावर ठेवली, एक किलो आणि वर थोडं. टॅब्लेटवर तेच भरलं. टॅब्लेट म्हणालं, चूक, पुन्हा भरा. पुन्हा भरलं, पुन्हा चूक. वजन भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना, आणि पुढचं पान उघडल्याशिवाय डॉक्टरांपर्यंत काही पोचेना.

“मॅडम, तुमचं मशीन म्हणतं, असं बाळ नसतंच,” सिस्टर म्हणाल्या. “आन् बाळ तर माझ्या हातात हाय.”

शेवटी त्यांनी दीड किलो लिहिलं. ते चालतं, हे त्यांना आधीच्या एका बाळाच्या वेळी कळलं होतं. आजूबाजूच्या उपकेंद्रांतल्या नर्सेसनाही ठाऊक होतं. नाशिकला डॉ. गावितांनी दीड किलो वाचलं. त्या सकाळी त्याहून बिकट वाटणारी दुसरी बाळं यादीत होती. त्यांनी निरोप दिला की तालुक्याला दाखवा, उद्या बघू. सिस्टरनी निरोप वाचला आणि टॅब्लेट कपाटात ठेवून दिलं. उपकेंद्रात टॅब्लेटपुरतं इंटरनेट होतं, पण फोनला रेंज नव्हती. त्यांनी गावातली जीप थांबवली, हिराला मागच्या बाकावर आडवं केलं. तिचं रक्त थांबत नव्हतं, तिच्या अंगावर बाळ देता येईना. म्हणून सिस्टरनी स्वतःच्या ब्लाऊजची बटणं सोडून मुलीला आपल्या छातीच्या उबेला धरलं, वरून साडी गुंडाळली आणि सगळा घाट पार करून नाशिकच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत नेलं. वाटेत दोनदा तिचा श्वास थांबल्यासारखा वाटला. दोन्ही वेळा त्यांनी तिच्या तळपायावर टिचकी मारली.

“जगली?” मॅडमनी विचारलं. आवाज इतका बारीक की मलाही जेमतेम ऐकू आला.

सिस्टर आम्हाला पाड्यावर घेऊन गेल्या. हिरा अंगणात नागली पाखडत होती. मुलगी झोळीत होती. काळीभोर, टक लावून बघणारी. हिराने ती उचलून सहज मॅडमच्या हातात दिली. या बाई कोण, हे तिला सांगितलेलं नव्हतं. मॅडमनी मुलीला घेतलं आणि हिराला म्हणाल्या, “ताई, तुमची मुलगी जन्मली तेव्हा माझ्यामुळे तिचं खरं वजन डॉक्टरांना कळलं नाही. सिस्टर नसत्या तर फार वाईट झालं असतं.” हिराला त्यातलं किती उमगलं, सांगता येणार नाही. ती संकोचून हसली आणि म्हणाली, “आता बरी हाय.”

मला त्या क्षणी पळून जावंसं वाटलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कधी कळणार नव्हतं. घरी बसून आकडा बदलला असता तरी काम झालं असतं. पण त्या बाई ते वाक्य उच्चारायला एवढा घाट ओलांडून आल्या होत्या, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं.

परतीच्या वाटेवर वणीच्या स्टँडवर चहा घेताना त्या एकदाच बोलल्या. म्हणाल्या, “आपला नियम पाळायला त्या बाईला खोटं लिहावं लागलं. खोटं पकडायला बसवलेली वस्तू खोटं शिकवत होती.”

त्यानंतरचे काही आठवडे मी त्यांच्याजवळ बसून जे पाहिलं, तसं काम पुढे कुठेच पाहिलं नाही. दीडचा आकडा त्यांनी पहिल्याच सकाळी हटवला. ते मिनिटाचं काम होतं. पण नियम येतात कुठून, ही सगळी वाटच त्यांनी नव्याने आखली. आधी सगळ्यांसाठीचे सामायिक नियम वाचले जातील. त्यानंतर त्या त्या तालुक्याचे, आणि दोघांत फरक पडला तर तालुक्याचा नियम चालेल, कारण बाळ तिथे जन्मतं. नियम दोन जातींचे झाले, थांबवणारे आणि विचारणारे. नर्स जिथे हात लावून, काट्यावर ठेवून खात्री करू शकते, तिथे मशीनने अडवायचं नाही; फक्त ‘वजन पुन्हा पाहिलंत का?’ असं विचारायचं, आणि ‘हो’ म्हटलं की मुकाट्याने लिहून घ्यायचं. आणि शेवटची अट अशी की ज्या नियमाशेजारी कुणा जिवंत माणसाचं नाव नाही, तो वाचलाच जाणार नाही.

भामरे साहेबांना हे मानवलं नाही. तालुक्याच्या लोकांच्या हातात नियम दिले तर उद्या कुणीही काहीही बदलेल, ही त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. मॅडमनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की बदल डॉक्टरांनी वाचल्याशिवाय लागू होणार नाही, एवढी सोय करते. पण बदल सुचवायचा हक्क भोये सिस्टरांनाच असला पाहिजे. ते मान्य नसेल तर या फाइलमधली आपली सगळी नावं त्या काढून घेतील. नाव काढलं की नियम वाचला जात नाही आणि नियम नसले की प्रोग्रॅम सुरू होत नाही, हे साहेबांना ठाऊक होतं. ते हसले, आणि मान्य केलं.

पुढच्या काही महिन्यांत आलेखातला खांब विरघळला. डावीकडे टेकडीचा उतार दिसू लागला, सव्वा किलो, एक किलो, त्याहूनही कमी. एका सकाळी डॉ. गावितांचा फोन आला. अचानक इतकी कमी वजनाची बाळं कशी जन्मायला लागली, काही साथ आहे का, असं ते काळजीने विचारत होते. मॅडम म्हणाल्या, “बाळं पूर्वीही अशीच होती, डॉक्टर. आता ती दिसतायत.” फोन ठेवल्यावर त्या खिडकीपाशी गेल्या आणि बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. कुणी ‘पगार’वर विनोद केला नाही.

दोन वर्षांनी त्यांनी नोकरी सोडायचं ठरवलं. कळवणला आई एकटी होती, डोळ्यांनी अधू झालेली. निरोपसमारंभ नको म्हणाल्या. त्याऐवजी त्यांनी सुरगाण्याला एक बैठक मागून घेतली. त्या पट्ट्यातल्या नर्सेस आल्या होत्या. मॅडम एकेक नियम मराठीत वाचत होत्या आणि त्यावर तुटून पडा म्हणून बायकांना सांगत होत्या. सुरुवातीला कुणी बोलेना. दुपारपर्यंत त्यांच्या नावाचे निम्मे नियम रद्द झाले होते किंवा दुसऱ्या कुणाच्या नावावर गेले होते, आणि प्रत्येक खेपेला त्यांचा चेहरा जास्तच उजळत होता.

बैठक आटोपली. तिथूनच त्या परस्पर कळवणला जाणार होत्या, सामान बरोबर होतं. मी नाशिकच्या गाडीची चौकशी करून परत आलो तेव्हा बैठकीच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर मॅडम आणि भोये सिस्टर दोघीच होत्या. मॅडमनी आपली शाल घडी करून तिचं गाठोडं बांधलं होतं आणि ते बाळासारखं छातीशी धरलं होतं. सिस्टर त्यांना शिकवत होत्या. “आडवं नाय, उभं. मान वळवा. कान तुमच्या छातीला लागला पाहिजे.” मॅडमनी गाठोडं सरकवलं. सिस्टरनी त्यांचं कोपर धरून खाली दाबलं, पदर ओढून वरून घट्ट गुंडाळला, दोन पावलं मागे सरून बघितलं आणि पुन्हा पुढे होऊन हात थोडा वर केला.

माझी गाडी लागली होती. मी लांबूनच हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्या मान खाली घालून, श्वाससुद्धा जपून घेत, अगदी स्थिर उभ्या होत्या.